जुन्या नावेची परीक्षा

रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते, पुढे घोड येऊन मिळते, आणि दौंड मागे पडल्यावर नदीची चाल मंदावत जाऊन उजनीचा फुगवटा सुरू होतो. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या पायउताराने नदी ओलांडणाऱ्या गावांना बारमाही होडी लागू लागली. नवी होडी सर्वांनाच परवडत नाही. त्यामुळे शिरूर-दौंडपासून इंदापूर-करमाळ्यापर्यंत जुन्या होड्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात.

अशीच एक फायबरची होडी पाहायला आम्हांला दौंड तालुक्यातील एका परिचित मच्छीमारांनी बोलावले. "सर, तुम्ही शास्त्रज्ञ, तुम्हीच सांगा घ्यावी का," असे ते म्हणाले. होडीला ताजा निळा रंग होता. आम्ही प्रयोगशाळेत पदार्थ तपासणारी माणसे, होडीतले आम्हांला काय कळणार? पण मामांनी स्वतःच खिशातून पाना काढला आणि होडीच्या अंगावर टकटक करत निघाले. पुढे आवाज खणखणीत येत होता. मागच्या आडव्या फळीवर, जिथे मशीन अडकवतात तिथे, तो एकाएकी बद्द झाला. "इथं आत लाकूड कुजलंय," मामा म्हणाले. ज्या परीक्षेसाठी त्यांनी आम्हांला बोलावले होते, ती त्यांनीच आमच्यादेखत केली.

ही ठोकून पाहण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती ज्यांनी टाळली त्यांची किंमतही इतिहासात नोंदलेली आहे. २९ ऑगस्ट १७८२ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, अगदी शांत समुद्रात, 'रॉयल जॉर्ज' हे शंभर तोफांचे जहाज बुडाले. किरकोळ दुरुस्तीसाठी ते एका कुशीवर कलवले होते. सुमारे नऊशे माणसे गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की, सांगाड्याची लाकडे सर्वत्र कुजत आली होती आणि त्यातला एखादा महत्त्वाचा भाग निखळला असावा. जहाज २६ वर्षांचे होते.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. म्हणून सदैव पाण्याखाली असलेली फळी बुरशीने सहसा कुजत नाही आणि नेहमी कोरडी असलेलीही कुजत नाही. कुजते ती मधली, कधी भिजणारी, कधी सुकणारी. जुन्या लाकडी नावेत बोट दाबून पाहायची जागा पाण्याच्या रेषेच्या आसपास, आणि आतल्या बाजूने, जिथे पावसाचे पाणी साचून राहते तिथे. समुद्रावरून आणलेल्या नावेत आणखी एक घर-पोखऱ्या असतो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो कीडही नाही आणि कृमीही नाही. तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. लिनीयसने १७५८ मध्ये त्याचे नाव नोंदवले. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत बोटभर जाडीचे बोगदे असतात. गोड्या पाण्यातल्या भीमेत हा त्रास नाही, पण कोकणातून आलेली लाकडी नाव घाटावर आणताना तो आतून पोखरूनच आलेला असू शकतो.

मग वय पाहावे का? अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या विमेकऱ्यांनी नेमके तेच केले. जहाजांची नोंदवही ठेवणाऱ्या लॉइड्‌सच्या मंडळींनी १७९७च्या सुमारास असे ठरवले की, जहाज कुठे बांधले आणि किती वर्षांपूर्वी बांधले यावर त्याचा वर्ग ठरेल. थेम्स नदीवर बांधलेल्यांना झुकते माप. जहाजमालक चिडले आणि त्यांनी १७९९ मध्ये आपली वेगळी नोंदवही काढली. दोन वह्यांचे भांडण १८३४ मध्ये मिटले. तोवर मुंबईच्या गोदीने या हिशेबातली खोट दाखवून दिलेली होती. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी सागवानात बांधलेले 'मार्क्विस कॉर्नवॉलिस' हे जहाज १८०५ मध्ये अॅडमिरल पेल्यू यांनी इंग्रजी आरमारासाठी विकत घेतले, म्हणजे तेही वापरलेलेच. पुढे त्याचे नाव 'अकबर' झाले आणि १८६० नंतरच ते मोडीत निघाले. याच गोदीतले १८१७चे 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागातील तेलकट द्रव्ये बुरशीला आणि किडीला मानवत नाहीत. ओकचे जहाज त्याच वयात भंगारात गेले असते. वय सांगते ते थोडेच, लाकूड आणि निगा जास्त सांगतात.

रंगाचे मात्र काही खरे नाही. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने १८७३ मध्ये पुस्तक लिहून आरोप केला की, सडलेली, जास्त विमा उतरवलेली आणि वाजवीपेक्षा जास्त भरलेली जहाजे मालक जाणूनबुजून समुद्रात पाठवतात. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. पण रेषा कुठे काढायची हे मालकावरच सोडले होते! ती पळवाट १८९० मध्ये बंद झाली.

ही रेषा आपल्या नदीवरच्या होडीलाही लागू पडते, आणि इथे शाळेतल्या आर्किमिडीजचा उपयोग आहे. समजा होडी ५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. टोके निमुळती म्हणून पाण्यावर टेकलेले क्षेत्र सुमारे ४.५ चौरस मीटर धरू. ती १ सेंटिमीटर खाली गेली की ४५ लिटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजे ४५ किलो वजन वाढले. आता जुनी होडी रिकामीच पाण्यात सोडा आणि तिची कड पाण्यापासून किती उंच राहते ते पट्टीने मोजा. तशाच नव्या होडीपेक्षा ती ४ सेंटिमीटर खाली बसत असेल, तर १८० किलो पाणी तिच्या अंगात, म्हणजे फायबरच्या थरांत, फोममध्ये किंवा कुजक्या लाकडात, मुरलेले आहे. तीन माणसे आधीच बसलेली आहेत, फक्त दिसत नाहीत. गणिताच्या तासाला प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वजने ठेवून हे सहज करून दाखवता येईल. ट्रेच्या तळाशी थोडे पाणी ओतून ती कलवली की सुटे पाणी खालच्या बाजूला धावून ट्रे कशी उलटवते, तेही मुलांना दिसेल.

मामांच्या होडीचा आम्ही असाच हिशेब केला. बाजूला तशीच नवी होडी होती, म्हणून तुलना सोपी गेली. फरक तीन बोटांचा निघाला. विकणारा म्हणाला, "साहेब, पाणी गढूळ आहे, म्हणून तसं दिसतंय." गढूळपणाने पट्टी खोटी ठरत नाही, पण आम्ही वाद घातला नाही.

आणखी एक चौकशी लाकूड-फायबरची नाही. भीमेच्या या पट्ट्यात बेकायदा वाळूउपशाच्या बोटी पकडून जिलेटिनने फोडल्याच्या बातम्या वारंवार येतात. स्वस्तात मिळणारी बोट त्या धंद्यातली असू शकते. तरींबद्दलचा कायदा आपल्याकडे १८६८ पासून आहे आणि २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यांत्रिक होड्यांची नोंदणी व तपासणी ठरवून दिली आहे. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागितला की त्याचा चेहरा बरेच सांगतो.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वारा कोणी थांबवू शकत नाही. पण रोज ज्या होडीत लेकरे-बायका बसतात, तिची कड पाण्यापासून किती उंच आहे हे पट्टीने मोजता येते, आणि तिच्यात बसणाऱ्यांना पोटाला बांधायचे जाकीट देता येते.

मामांनी ती होडी घेतली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला की, पलीकडच्या गावातील एकाने ती चार हजार कमी करून घेतली. आम्ही त्यांना विचारले, फळीचे सांगितले का? "सांगितलं. तो म्हणाला, मी फक्त जाळं टाकायला वापरणार, माणसं नाही नेणार."