बॅक्स्टर यांचें न झालेलें व्याख्यान

आज एका न झालेल्या व्याख्यानाची हकीकत सांगावयाची आहे.

रिचर्ड बॅक्स्टर १६४१ सालीं इंग्लंडांतील किडरमिन्स्टर या विणकरांच्या गांवीं पाळक म्हणून आले. त्यांचें वक्तृत्व असें कीं, प्रार्थनामंदिरांत श्रोत्यांसाठीं ५ नवे सज्जे बांधावे लागले. परंतु लोकांशीं एकांतांत बोलतां त्यांना आढळलें कीं, वर्षानुवर्षें प्रवचनें ऐकूनहि पुष्कळांना धर्माचें मूळ उमगलेलें नाहीं. अर्ध्या तासाच्या संवादानें मात्र तें उमगतें. मग सोमवारीं व मंगळवारीं ते व त्यांचे सहायक मिळून आठवड्याला १५-१६ कुटुंबांना शिकवूं लागले. गांवांतील ८०० हून अधिक कुटुंबें वर्षांत पुरीं करावयाचीं, असा त्यांचा नेम होता.

४ डिसेंबर १६५५ रोजीं वूस्टर येथें जमणाऱ्या पाळकांपुढें ते हेंच सांगणार होते; पण आजारामुळें जातां आलें नाहीं. तेंच भाषण वाढवून १६५६ सालीं ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ हा ग्रंथ निघाला. पुढाऱ्यानें आधीं स्वतःला सुधारावें, मग कळपांतील एकेकाची विचारपूस करावी, हें त्याचें सार.

पुढें राज्यानें ठरविलेली उपासनापद्धति न स्वीकारल्यामुळें १६६२ सालापर्यंत सुमारें २,००० पाळकांचीं पदें गेलीं, बॅक्स्टर त्यांतलेच. १६८५ सालीं लेखनाबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. १६९१ सालीं ते वारले. ग्रंथ मात्र पाळक अजून वाचतात.

आम्हां शिक्षकांनाहि त्यांत बोध आहे. वर्गाला शिकविलें म्हणजे प्रत्येक मुलाला शिकविलें, असें होत नाहीं.