सोड्यात सोडा नसतो

सोड्याच्या पाण्यात सोडा नसतो. साधं पाणी आणि त्यात दाबाने कोंबलेला कार्बन डायऑक्साइड, एवढाच काय तो ऐवज. काही कंपन्या चवीला चिमूटभर क्षार घालतात तेवढंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे पाणी विकायला आलं तेव्हा मात्र त्यात खरोखर सोड्याचा क्षार असे, कारण ते पोटाचं औषध म्हणून घेत. पुढे क्षार गेला, नाव राहिलं.

हा नाद मला नातवंडांमुळे लागला. सुट्टीत आली की दिवसातून तीनदा बाटलीतलं रंगीत पाणी मागतात. म्हटलं, घरीच करू. करता करता वाचत गेलो, आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. ते ओघात येईलच.

सुरुवात इंग्लंडमधल्या लीड्स गावची. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली नावाचे धर्मोपदेशक तिथे बिअरच्या भट्टीशेजारी राहायला आले. (ऑक्सिजनच्या धड्यात भेटतात ते हेच.) आंबणाऱ्या पिंपांवर जड हवेचा थर साचलेला असतो हे त्यांनी पाहिलं आणि त्या थरात पाण्याची भांडी धरून बघितली. पाण्याला छान चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्यांनी पुस्तिका काढून कृती सगळ्यांना सांगून टाकली: खडूवर गंधकाम्ल ओतायचं, निघालेला वायू डुकराच्या मूत्राशयात भरायचा आणि तिथून पाण्यात सोडायचा. नूथ नावाच्या डॉक्टरांनी तक्रार केली की या पाण्याला लघवीची चव येते, आणि १७७५ मध्ये स्वतःचं काचेचं उपकरण पुढे आणलं. प्रीस्टलींना वाटत होतं की हे पाणी खलाशांचा स्कर्व्ही बरा करील. तसं काही होत नाही. त्यात लिंबू पिळलं असतं तर झालं असतं, पण असो. प्रीस्टलींनी यातून पैसा केला नाही. तो केला याकोब श्वेप यांनी, १७८३ पासून जिनिव्हात.

अमेरिकेत येल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक सिलिमन १८०६ साली न्यू हेवनमध्ये हे पाणी विकू लागले. तिथून ते औषधांच्या दुकानांत शिरलं, आणि ते साहजिकच होतं. आम्लं हाताळायची सवय औषधवाल्याला, कडू औषध साखरेच्या पाकात लपवायची विद्याही त्यालाच. दुकानात संगमरवरी काउंटर, त्यावर चकचकीत नळ, समोर उंच स्टुलं. हेच सोडा फाउंटन. नळाचा दांडा खसकन ओढणाऱ्या पोऱ्याला ‘सोडा जर्क’ म्हणत, म्हणजे हिसका मारणारा.

आज जगभर विकली जाणारी पेयं याच काउंटरवर जन्मली. डॉक्टर पेपर १८८५ साली टेक्ससच्या वेको गावात. कोका-कोला १८८६ साली अटलांटात जेकब्स फार्मसीत, पाच सेंटला ग्लास. पेप्सी नॉर्थ कॅरोलिनातल्या एका औषधवाल्याची, नाव १८९८ सालचं. सगळी आधी ‘टॉनिक’. त्यांत काय काय असे ते वाचून मला घाम फुटला. कोका-कोलात सुरुवातीला कोकेनचा अंश होता. सेव्हन-अपमध्ये १९४८ पर्यंत लिथियमचा क्षार होता, जो आज मनोरुग्णांना डॉक्टर मोजून देतात. रूट बीअर ज्या सासाफ्रास झाडाच्या सालीची, तिच्यातल्या सॅफ्रोलवर १९६० मध्ये बंदी आली. तेव्हा ‘पूर्वीचं सगळं शुद्ध होतं’ असं आमच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं की मी आता गप्प बसत नाही.

घरी करण्याची कल्पनाही जुनीच. चार्ल्स हायर्स हे फिलाडेल्फियाचे औषधवाले रूट बीअरचं पाकीट विकत. पंचवीस सेंटच्या पाकिटात पाच गॅलन पेय, यीस्ट घालून घरीच फसफसवायचं. हायर्स स्वतः दारूबंदीवाले! तरी १८९५ मध्ये दारूबंदीवाल्या बायकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आंबवलेलं आहे म्हणून. शेवटी तपासणीत निघालं की एका बाटलीत अर्ध्या पावाइतकाच मद्यार्क आहे, आणि १८९८ ला बहिष्कार उठला.

आता कृती. यीस्टच्या वाटेला जाऊ नका. काचेची बाटली फुटली तर डोळा जाईल. बाजारचा साधा सोडा आणा, किंवा घरी यंत्र असेल तर उत्तमच. खरी गोम थंडपणात आहे. बर्फाइतक्या गार पाण्यात हा वायू वीस अंशाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट विरघळलेला राहतो. म्हणून सोडा, ग्लास आणि पाक तिन्ही फ्रिजमध्ये हवेत. कोमट सोड्यात बर्फ टाकून भागत नाही, बर्फाच्या खडबडीत अंगावर फेस येऊन अर्धा वायू तिथेच उडतो.

आल्याचा पाक असा: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, शंभर ग्रॅम आलं किसून. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून गाळून घ्यायचं. उंच ग्लासात तळाला तीन चमचे पाक, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा. चमचा एकदाच तळातून वर आणायचा. ढवळत बसलात तर सरबत होईल.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. तिथल्या जुन्या पेयांत ‘फॉस्फेट’ नावाचा प्रकार होता, चेरी फॉस्फेट वगैरे. हार्वर्डचे प्राध्यापक हॉर्सफर्ड यांच्या नावाने फॉस्फरिक आम्लाचं आंबट पाणी बाटलीत मिळे, त्याचे काही थेंब घालत. लिंबू आंबटपणाबरोबर स्वतःची चवही आणतं. हे नुसतं आंबट, त्यामुळे फळाची चव उघडी पडते. आपल्याकडे त्याच्या जवळ जायचं तर किराणावाल्याकडचं लिंबाचं फूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. चमचाभर पाण्यात दोन-चार खडे विरघळवून त्यातले थेंब जांभळाच्या पाकात टाकून बघा. कोकमाला काही लागत नाही, ते जन्मतःच फॉस्फेट आहे!

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं ‘एग क्रीम’ नातीला आवडलं. त्यात अंडंही नाही आणि क्रीमही नाही. दोन चमचे चॉकलेटचा पाक, पाव ग्लास गार दूध, वरून जोरात सोडा. पांढरा फेस वर, तपकिरी खाली. सौ.ने एक घोट घेऊन ग्लास परत केला. दूध आणि सोडा म्हणजे तिच्या मते नासवणूक.

ही दुकानं १९२० च्या दारूबंदीत भरभराटली, कारण बसायला दुसरी जागा उरली नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं तिथे, प्रेमिकांच्या भेटी तिथे. जुन्या सिनेमांत दिसतं तसंच. मी वाचत वाचत आलो तो इथे अडखळलो. सिनेमातल्या त्या स्टुलांवर बसलेली माणसं सगळी गोरी कशी?

दक्षिणेतल्या आणि आसपासच्या राज्यांत काळ्या गिऱ्हाइकाला त्याच दुकानात औषध मिळे, वही मिळे, साबण मिळे. काउंटरवरचं पेयही मिळे, पण कागदी पेल्यात, बाहेर नेऊन पिण्यासाठी. स्टुलावर बसायचं नाही. पैसा चालतो, माणूस चालत नाही.

ओक्लाहोमा सिटीत क्लारा लूपर नावाच्या बाई होत्या. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायच्या. (हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, माझाही विषय तोच.) १९५७ मध्ये त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर नाटुकलं लिहून मुलांना प्रयोगासाठी न्यूयॉर्कला नेलं. तिथे मुलं पहिल्यांदा सर्वांबरोबर काउंटरवर बसून जेवली. परत आल्यावर जुनं गावपण त्यांना सोसेना. वर्षभर पत्रं, विनंत्या झाल्या, उपयोग शून्य. मग १९ ऑगस्ट १९५८ ला बाई डझनभर पोरांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये गेल्या, स्टुलांवर बसल्या आणि कोका-कोला मागितला. दिला नाही. शिव्या मिळाल्या. पोरं बसून राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोन-तीन दिवसांतच कॅट्झने आपल्या तीन राज्यांतल्या दुकानांचे काउंटर सर्वांना खुले केले. त्याच उन्हाळ्यात कॅन्ससच्या विचिटा गावात डॉकम ड्रगस्टोअरमध्येही काळे तरुण असेच काही आठवडे बसले आणि जिंकले. पुस्तकांत सहसा १९६० सालचं ग्रीन्सबरो येतं. ते मोठं होतंच, पण ही पोरं दीड वर्ष आधीची.

मी वर्गात महाडचा सत्याग्रह पुष्कळ वेळा शिकवला. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. मुलं विचारायची, ‘सर, महाडला दुसरं पाणी नव्हतं का?’ प्रश्न तहानेचा नव्हता हे पटवताना माझी दमछाक व्हायची. आता वाटतं, तेव्हा मला कॅट्झचा कोक ठाऊक असता तर बरं झालं असतं. कोकवाचून कुणाचा घसा कोरडा पडत नाही, हे पोरांना लगेच कळलं असतं.

आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानघाट अशी एकेक जागा नावाने लिहिलेली आहे. वर्गात ती यादी मी नेहमी घाईने वाचून टाकत असे, नुसतं ‘सार्वजनिक ठिकाणी’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं असं मनात यायचं. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा आला २ जुलै १९६४ ला, म्हणजे आपल्या घटनेनंतर चौदा वर्षांनी. त्याच्या दुसऱ्या भागात भेदभाव जिथे चालणार नाही अशा जागांची यादी आहे. उपाहारगृह, कॅफेटेरिया, लंच काउंटर, आणि त्यांच्या पाठोपाठ चक्क ‘सोडा फाउंटन’! मी ते दोन शब्द तीनदा वाचले. इतक्या क्षुल्लक गोड पाण्याच्या नळालाही नावानिशी कायद्यात घालावं लागलं. मोघम लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालंच असतं, हे कुठे उपाहारगृह आहे, हे तर औषधाचं दुकान!

गंमत अशी की तोवर सोडा फाउंटनचेच दिवस भरत आले होते. घरोघरी फ्रिज आले, बाटल्या आणि डबे आले, मोटारीत बसून खायची दुकानं हमरस्त्यावर उभी राहिली. औषधवाल्यांनी हिशोब केला की काउंटरच्या जागी फळ्या टाकून माल मांडला तर कमाई जास्त. संगमरवर उखडला गेला, स्टुलं भंगारात गेली. काही थोडी दुकानं हौसेने टिकून आहेत.

क्लारा लूपर २०११ साली वारल्या. नातवाला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने एकच विचारलं, ‘पण मग त्यांना कोक मिळाला ना?’ मिळाला म्हटलं. आणि त्याच्या ग्लासात सोडा कडेने ओतला.