स्वर्गाचे दार

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएलांचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. नाव ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे दार. या दारापलीकडे काय आहे, असे मी तेथल्या एका स्नेह्यांना विचारले, त्याला कारण होते. नुकतीच माझी आई गेली होती. कल्याणच्या खाडीकाठी दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा हेच गृहस्थ माझ्याबरोबर तासभर उन्हात उभे होते.

ते म्हणाले, “आमच्यात त्यावर कधी एकमत झालेच नाही!”

मागाहून वाचू लागलो, तो त्यांचे म्हणणे खरे निघाले. जुन्या शास्त्रात मेलेले सारेच, बरे-वाईट, अधोलोकात उतरतात. दानीएलाच्या ग्रंथात मात्र मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जागे होणार आहेत. यरुशलेमचे मंदिर उभे असताना परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी ते साफ नाकारीत. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, सदूकी मागे पडले आणि परूशांचे मत रूढ झाले. बाराव्या शतकात मायमोनिडीसने पुनरुत्थान हे धर्माचे तेरावे तत्त्व ठरविले. तरी त्याचा ओढा देहरहित आत्म्याकडे दिसल्याने टीका झाली आणि त्याला या विषयावर वेगळा प्रबंध लिहावा लागला. दहाव्या शतकात सादिया गाओनने पुनर्जन्माची कल्पना खोडून काढली होती. पुढे कबालापंथीयांनी तीच उचलून धरली. १८८५ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे सुधारकांनी देहाचे पुनरुत्थान नाकारले.

मग या साऱ्यांना बांधते काय? स्नेह्यांनी ‘कद्दीश’ सांगितले. आईबापांमागे मुलगा अकरा महिने ही प्रार्थना म्हणतो. पाप्याची शिक्षा फार तर बारा महिन्यांची. आपल्या आईबापांना पापी कसे समजावे, म्हणून एक महिना कमी! आणि त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. आहे ती केवळ ईश्वराची स्तुती.

मला आमचेच घर आठवले. आम्ही पुनर्जन्म मानतो आणि पितरांना पानही वाढतो. आई पुन्हा जन्मली असेल तर पान कोणाला, हे कोणी विचारीत नाही.

वर्षश्राद्धाला मी कावळ्याची फारशी वाट पाहिली नाही. पान मात्र आईच्या आवडीचे वाढले.