मोबाइलमधली देवनागरी : अभ्यासाला बसण्यापूर्वी

मोबाइलवरच्या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७०. एका संदेशाला १४० बाइटांची जागा ठरवून दिलेली आहे. रोमन अक्षर त्यात ७ बिटांत बसते, देवनागरीला १६ बिट लागतात. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर आले, तरी सगळा संदेश १६ बिटांच्या हिशेबावर जातो. त्यातही मराठीची ‘७० अक्षरे’ म्हणणे उदारपणाचे आहे. ‘स्त्री’ आपण एका दमात वाचतो. यंत्र मात्र तिचे सहा घटक मोजते. स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि शेवटी दीर्घ ईकार. सत्तरातल्या सहा जागा एका शब्दात संपल्या.

हा हिशेब कोणी मराठीवर रागावून मांडलेला नाही. पण तो मांडला गेला तेव्हा मराठी लिहिणारा माणूस मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. नवे उपकरण हातात आले की आपण त्याचा कॅमेरा, बॅटरी आणि किंमत पाहतो. त्या उपकरणात आपली भाषा कोणत्या निर्णयांवर उभी आहे, ते निर्णय कोणी आणि कधी घेतले, ते बदलता येतात का, हे पाहणारे अभ्यासक्षेत्र म्हणजे भारतीय भाषांचे संगणन. या पुस्तकातले लेख त्या क्षेत्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकासाठी आहेत. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. व्याकरण जाणणारा शिक्षक, मुद्रितशोधक, अक्षरकार, ग्रंथपाल यांच्याकडे जे ज्ञान आहे, त्यावाचून हे क्षेत्र पुढे सरकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे पायाभूत काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. म्हणजे वर्णमालेची जुनी मांडणीच कळफलकाचा पाया झाली. १९८८ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली. आज जगातल्या बहुतेक फोनांवर मराठी वाचता येते, त्याच्या मुळाशी हे काम आहे. मधल्या काळात मात्र प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचा फाँट आपापल्या गुप्त संकेतांवर चाले. एका संगणकावर टंकलेला लेख दुसऱ्यावर उघडला की चिन्हांचा गोंधळ दिसे. त्या काळात जुळवलेला कितीतरी मराठी मजकूर अजून जुन्या फाँटांत अडकून पडलेला आहे, आणि शोधयंत्राच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही.

आता थोडे सावकाश, कारण या क्षेत्राचे खरे सौंदर्य बारकाव्यात आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला पंगतीचा अंदाज द्यायचा. फरक एका र चा: एकीकडे तो रफार होऊन डोक्यावर जातो, दुसरीकडे आडवा होऊन य ला चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही. मराठीला तो पावलोपावली लागतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द त्याच्यावाचून लिहिताच येत नाही. युनिकोडमध्ये हा र साधण्याचे दोन मार्ग आहेत. एकात खाली नुक्ता असलेला वेगळा ऱ वापरून त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवायचे. पडद्यावर दोन्ही ‘शेतकऱ्यांना’ हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ॲप बनवणाऱ्याने दोन्ही रूपे एक मानण्याची तजवीज केलेली नसेल, तर एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला मजकूर सापडत नाही. पीकविम्याची माहिती किंवा शासनाचा निर्णय त्याच्या हातातल्या फोनवर उपलब्ध असतो, आणि तरी त्याला मिळत नाही.

‘ॲप’ या शब्दाचीही तीच गत आहे. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, काही जण ऍ वापरत. तिन्ही रूपे आजही वापरात आहेत. अशा जागी व्याकरणकार आणि प्रोग्रामर एका टेबलाशी बसले नाहीत, तर दोघांचेही काम अर्धे राहते.

टाइप करण्याच्या पद्धतींवर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने आहेत, आणि ती तशीच असावीत. स्पर्शपडदा आल्यावर कळ ही वस्तूच उरली नाही, त्यामुळे देवनागरीचा नव्याने विचार करायची संधी मिळाली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक पाहा. व्यंजनावर बोट टेकवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उमलते. हव्या स्वराकडे बोट सरकवले की अक्षर तयार. पहिलीतल्या मुलाला जे पाठ आहे, त्यावर ही रचना उभी आहे. तरीही अनेक जण रोमन कळांवरून ‘शाळा’ लिहितात आणि ल की ळ हा निर्णय यंत्राच्या अंदाजावर सोपवतात. यात मला काळजी वाटते ती वेगाची किंवा शुद्धलेखनाची नाही. रोमनमधूनच मराठी लिहिणाऱ्या मुलाच्या बोटांना वर्णमालेचा क्रम कधी भेटतच नाही, त्याचे परिणाम कोणीतरी शांतपणे अभ्यासायला हवेत.

अक्षरांच्या रूपाबद्दल एवढेच सांगतो, की र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याने दिले, म्हणून आज आपल्यापुढे निवड आहे. मराठी वळणाचे ल आणि श मात्र अनेक फोनांवर अजून हिंदी वळणानेच उमटतात. फाँटात दोन्ही रूपे ठेवण्याची सोय असते. मजकूर मराठी आहे हे उपकरणाला सांगावे लागते, आणि तेच बहुधा राहून जाते.

पुढचे काम आवाजाचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे. अनेक भाषा-प्रारूपे वाक्य वाचण्यापूर्वी त्याचे तुकडे पाडतात, आणि तेवढ्याच आशयाच्या मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त पडतात. जिथे तुकड्यांवर पैसे आकारले जातात, तिथे मराठी महाग पडते. एसएमएसचा तोच हिशेब नव्या यंत्रात परत आला आहे, आणि या वेळी तो मांडला जात असतानाच आपण हजर आहोत. फोनला बोलून आज्ञा देता येते, पण अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या आजीचे त्याला किती कळते, हे तपासायला आवाजांचे नमुने लागतात. ते गोळा करायला गावे, नाती आणि विश्वास लागतो. प्रयोगशाळेत बसून ते होत नाही. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण मोडी कागद वाचणारे ॲप घडवायचे, तर मोडी जाणणारी माणसे आधी हवीत.

लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. कळफलकाचे प्रकरण आधी घ्या, असे मी सुचवेन. त्याआधी आपल्या फोनवर ‘आचाऱ्यांना’ हा शब्द लिहून पाहा. तो आडवा र पहिल्या प्रयत्नात सापडला, तर तुमच्या कळफलकाच्या कर्त्याला मराठी येते. सापडला नाही, तर तो कुठे असायला हवा होता, ते कागदावर काढून ठेवा. तिसऱ्या लेखात तोच प्रश्न सोडवायला घेतला आहे.