हयगय, जाणीव आणि शिक्षा

मराठी वृत्तपत्रांत अपघाताची बातमी ठरावीक शब्दांत येते. 'भरधाव मोटारीने मजुरांना चिरडले', 'झोपेतच काळाने घाला घातला', 'चालकाचे नियंत्रण सुटले'. या तिन्ही वाक्यांचे कर्ते पाहावेत. पहिल्यात मोटार, दुसऱ्यात काळ, तिसऱ्यात नियंत्रण. मद्य पिऊन स्टिअरिंगमागे बसलेला माणूस एकाही वाक्याचा कर्ता नाही. तिसऱ्यात तो आलाच तर षष्ठी विभक्तीत आला आहे. हा केवळ बातमीदारांचा आळस आहे असे आम्हांला वाटत नाही. अशा मृत्यूला काय नाव द्यावे हा प्रश्न कायद्यालाही दीडशे वर्षे नीट सुटलेला नाही, आणि शिक्षा किती व्हावी हे त्या नावावरच ठरत आले आहे. या नामकरणाचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. खून आणि खुनापर्यंत न पोचणारा सदोष मनुष्यवध यांतील भेद तिने फार बारकाईने केला होता. परंतु जेथे मारण्याचा हेतू नाही, मृत्यू होईल याची जाणीवही नाही, केवळ बेदरकारपणामुळे वा हयगयीमुळे जीव गेला आहे, अशा प्रसंगासाठी तिच्यात वेगळे कलम नव्हते. ती उणीव १८७० च्या दुरुस्तीने भरून काढली आणि ३०४-अ हे कलम आले. शिक्षा ठरली ती जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि घोडागाड्या होत्या. मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे मोटार आली, तिचा वेग वाढला, महामार्ग झाले, तरी दोन वर्षांची ही कमाल मर्यादा ३० जून २०२४ पर्यंत जशीच्या तशी राहिली.

याच्या शेजारी होते कलम ३०४, सदोष मनुष्यवधाचे. त्याचे दोन भाग होते. पहिला हेतूचा. दुसऱ्या भागात हेतू नाही, परंतु आपल्या कृत्याने मृत्यू घडण्याचा संभव आहे याची जाणीव आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे दोन वर्षे आणि दहा वर्षे यांच्या मध्ये 'जाणीव' हा एकच शब्द उभा होता. साहित्याच्या वर्गात आपण हा शब्द किती सैलपणे वापरतो, सामाजिक जाणीव, नवी जाणीव, समकालीन जाणीव! न्यायालयात त्याच शब्दावर एखाद्याच्या आयुष्याची आठ वर्षे तोलली जात होती.

मग प्रश्न असा की, प्यायलेल्या माणसाला जाणीव असते काय? संहितेच्या ८६ व्या कलमाने याचे उत्तर प्रारंभीच देऊन ठेवले होते. जो आपल्या इच्छेने नशा करतो, त्याला शुद्धीवर असता जी जाणीव असती तीच होती असे धरावे. हेतू मात्र असा गृहीत धरता येत नाही; तो परिस्थितीवरून सिद्ध करावा लागतो. शुद्ध हरपली ही सबब येथे चालत नाही, कारण ती हरपली तेव्हा पेला कोणी हातात कोंबला नव्हता. हा विचार स्पष्ट असूनही वाहनाखालील मृत्यू सामान्यतः ३०४-अ मध्येच जात राहिले.

ही प्रवृत्ती केवळ आपली नव्हे. इंग्लंडमध्ये तर मद्यपी वाहकाला शिक्षा देण्याची तरतूद १८७२ च्या परवाना कायद्यात आली होती. घोडा, गाडी, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना नशेत असणे हा तेव्हाच गुन्हा ठरला. परंतु मोटारीने जीव घेणाऱ्याला मनुष्यवधाचा दोषी ठरविताना तेथील ज्यूरी कचरत असे. त्या पिंजऱ्यात उद्या आपणही असू शकतो, असे मोटार चालविणाऱ्या ज्यूरीला वाटत असावे. अखेर १९५६ साली धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडविणे असा स्वतंत्र, सौम्य नावाचा गुन्हा तेथे निर्माण करावा लागला.

जीव गेला नसताही पिऊन वाहन चालविणे हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनावर ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल चढलेला असणे आवश्यक होते. १९८८ च्या कायद्याने रक्तातील कोणत्याही प्रमाणातील मद्य गुन्हा ठरविले. १९९४ च्या दुरुस्तीने शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली, आणि श्वासाची यंत्राने तपासणी आली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजार रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दहा हजारांवर गेला. 'अंमल' या अनुभवाच्या शब्दाची जागा अशा रीतीने आकड्याने घेतली. मोजता येणारे कायद्याने मोजले. जाणीव मात्र यंत्रात फुंकर मारून कळत नाही.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण ठार झाले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य आढळले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने ३०४-अ लावून सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड सुनावला. सात जिवांना सहा महिने, हे गणित लोकांना पटले नाही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये कलम ३०४ चा दुसरा भाग लावून शिक्षा तीन वर्षे केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एवढेच नव्हे, तर तीन वर्षे अपुरी आहेत, परंतु वाढीसाठी राज्याने अपील केलेले नसल्याने त्यात जात नाही, असेही नमूद केले. पुरावा तोच, मृतदेह तेच. बदलले ते कृत्याचे नाव.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी कॉलनी प्रकरणाचा निकाल लागला. १० जानेवारी १९९९ च्या त्या घटनेत तीन पोलिसांसह सहा जण मरण पावले होते. खालच्या न्यायालयाने २००८ साली दिलेली पाच वर्षे उच्च न्यायालयाने २००९ साली ३०४-अ खाली दोनवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 'जाणीव' होती असे ठरविले. पण शिक्षा म्हणून भोगलेली कैदच पुरेशी मानली आणि सोबत पन्नास लाख रुपये भरण्याचा व दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश दिला. म्हणजे येथे नाव कठोर झाले आणि शिक्षा सौम्य राहिली. नाव आणि माप यांचा सांधा किती ढिला आहे, हे या दोन निकालांवरून वाचकांच्या लक्षात यावे. शिक्षेची कमाल मर्यादा कायदा सांगतो; तिच्या आत कोठे थांबावे याचे पक्के सूत्र सांगत नाही.

३०४-अ च्या शिक्षेचा फेरविचार व्हावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुचविले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे केली. मृत्यू घडवून, खबर न देता पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांचे उपकलमही त्यात होते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला आणि संहिता लागू करताना ते बाजूला ठेवण्यात आले. समाजसेवा ही शिक्षा आता संहितेत आली आहे, परंतु नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करण्यासारख्या किरकोळ अपराधांपुरती.

नवी संहिता येण्यापूर्वी सहा आठवडे, १९ मे २०२४ रोजी, पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मोटारीखाली गेले. चालविणारा अल्पवयीन असल्याने बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या प्रकरणातील आरोपांची शहानिशा न्यायालयाची आहे. जामिनाची अट ही शिक्षा नव्हे, हेही खरे. तरी लोकांनी ती शिक्षा म्हणूनच वाचली आणि संतापले. त्या संतापात निबंध शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना एक गोष्ट विशेष लागली. 'शिक्षा' आणि 'शिक्षण' यांचा धातू एकच आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे अजूनही शिकविणेच. मराठीने त्या शब्दाला दंडाचा अर्थ दिला. शिकण्याची आशा कायद्याने सोडू नये, विशेषतः अल्पवयीनाच्या बाबतीत, असे आमचे मत आहे. पण शिकण्याचा आरंभ कर्तरी वाक्याने व्हावा लागतो. 'मी प्यालो, मी गाडी चालविली, माझ्या हातून माणूस मेला', हे जो लिहू शकत नाही, त्याचे तीनशे शब्द वाया गेले. आणि 'मोटारीने चिरडले' असे लिहिणारा समाज न्यायाधीशाकडे मात्र नेमक्या शब्दाची अपेक्षा ठेवतो, हेही विसरता येत नाही.