फुलिंगचं जात्साय : एका खारवलेल्या देठाचा इतिहास

चिनी दुकानातून आणलेल्या बरणीत नेमकं काय आहे हे ओळखायचं कसं, असा प्रश्न आपल्याकडे आला होता. लेबलवर बहुतेक वेळा नुसतं ‘प्रिझर्व्ड व्हेजिटेबल’ असतं. बुटक्या मातीच्या बरणीत तपकिरी, बारीक तुकडे असतील आणि लसणाचा वास येत असेल, तर तो कोबीचा, त्यांचिन शहराचा प्रकार. लाल तिखटात माखलेला, हिरवट, गाठीगाठींचा गोळा असेल, तर ते जात्साय. आज आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहोत.

हा गोळा म्हणजे मोहरीच्या झाडाचा फुगलेला देठ. आपण फोडणीला घालतो त्याच मोहरीची ही वेगळी जात! यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावर फुलिंग नावाचं गाव आहे. तिथला व्यापारी च्यू शोउआन याच्याकडे १८९८च्या सुमारास हे देठ वाऱ्यावर सुकवून, मीठ लावून, लाकडी दाबात पिळून, मसाला घालून बरण्यांत भरले गेले. ‘जा’ म्हणजे दाबून पिळणं, ‘त्साय’ म्हणजे भाजी. नदीच्या वाटेनं माल ईचांगच्या त्याच्या दुकानात गेला आणि खपला. पाणी काढलेलं, त्यामुळे प्रवासात टिकायचं. खरी गोम तीच.

पुढे ते गरिबाच्या जेवणातलं तोंडीलावणं झालं, गाव सोडून कारखान्यांत गेलेल्या मजुरांचं तर खासच. या मजुरांची नोंद गावीच राहते, म्हणून ते कुठे आहेत हे सरकारला धड कळत नाही. २०१३ साली चिनी वृत्तपत्रांत ‘जात्साय निर्देशांक’ गाजला तो यामुळेच. फुलिंगच्या कंपनीच्या विक्रीत दक्षिण चीनचा वाटा २००७ साली ४९ टक्के होता, २०११ साली तो ३०च्या खाली आला. म्हणजे मजूर आतल्या प्रांतांकडे परतले, असा अर्थ नियोजनवाल्यांनी लावला. आम्हाला हा पुरावा सूचक वाटतो, पण एकट्यानं पुरेसा नाही. स्पर्धक वाढले तरी वाटा घटतोच की.

आता वापर. गोळा धुवायचा, पातळ कापायचा, अर्धा तास पाण्यात ठेवायचा, नाहीतर मीठ सोसत नाही. मग डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांबरोबर परतून नूडल्सवर घाला, किंवा तांदळाच्या पेजेबरोबर नुसतंच घ्या. वरून मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका.