तसबीर आणि हुलिया

गणेशगुडीच्या धरणावर उभे राहिले की समोरच्या पाण्याखाली जुने सुपे गाव आहे, हे आपल्या घराण्यांना सांगावे लागत नाही. या जलाशयापलीकडे गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या रानात १८५८ साली फोंड सावंतांच्या मुलांनी इंग्रजांविरुद्ध बंडाचा वणवा पुन्हा चेतवला. ते दिसायला कसे होते? त्यांच्या पित्यावर चालून गेलेल्या सेनाधिकाऱ्याची छापील तसबीर पाहताना हा प्रश्न मनात आला.

तो अधिकारी म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ पासून खानदेशात त्याने भिल्ल पलटण उभी केली. १८४४ साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी उठाव केला आणि त्याचे लोण सावंतवाडीत पोहोचले, तेव्हा औट्रम तेथे धाडला गेला. १८४५ च्या आरंभी मनोहर व मनसंतोष हे गड पडले. फोंड सावंत व त्यांचे साथीदार गोव्याच्या आश्रयास गेले. पुढे १८५७ च्या लखनौच्या लढाईने औट्रमचे नाव इंग्लंडात घरोघरी झाले.

घरोघरी नाव होण्यास खोदचित्रांची कला मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. तांब्याचा पत्रा थोड्याच प्रतींत झिजे. १८२० नंतर पोलादी पत्रे वापरात आले आणि एका पत्र्यावरून हजारो प्रती निघू लागल्या. कारागीर टोकदार सळईने उलटे चित्र कोरी, खाचांत शाई भरी आणि दाबयंत्राखाली ते कागदावर सुलटे उमटे. लखनौच्या सुटकेच्या वेळी औट्रम, हॅवलॉक व कॅम्पबेल हे तिघे सेनानी भेटले, तो प्रसंग टॉमस जोन्स बार्कर याने १८५९ साली रंगविला. त्यावरून चार्ल्स जॉर्ज लुईस याने कोरलेले चित्र १८६३ साली, म्हणजे औट्रमच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले.

मात्र ज्याच्या रेखाटनांचा बार्करने आधार घेतला, तो स्वीडिश चित्रकार एग्रॉन लुंडग्रेन हिंदुस्थानात आला १८५८ साली; भेट झाली होती १८५७ च्या नोव्हेंबरात! तेव्हा विजेत्यांचीही तसबीर प्रत्यक्षदर्शी नव्हे, ती मागाहून जुळविलेली आहे. पण तिला निदान काही हयात माणसांच्या चेहऱ्यांचा आधार होता.

पराभूतांच्या वाट्याला काय आले? नानासाहेब पेशव्यांना पकडण्यासाठी सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले आणि त्यांचे वर्णन शब्दांत फिरविले. एकाची तसबीर दिवाणखान्यात, दुसऱ्याचा हुलिया चावडीवर! तसबीर आदरासाठी कोरली जाते, हुलिया धरपकडीसाठी लिहिला जातो. या दोन्हींवरून इतिहास वाचताना चित्र कोणी, कोणासाठी घडविले, हे आधी विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. सुपे बुडाले तेव्हा घरे गेली, देवळे गेली. उरली ती पेटीतली काही छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. त्या छायाचित्रांमागे नाव, नाते आणि गाव लिहून ठेवणारे हात आता थोडेच आहेत. आपल्या पूर्वजांचे चेहरे कोणी पोलादावर कोरले नाहीत; निदान कागदावर असलेले तरी निनावी होऊ नयेत. सुप्याच्या रानात लढलेल्यांची ती उणीव आता भरून निघणार नाही. आपली मात्र अजून टाळता येईल.